माळ्यावरचा माल

मार्च महिन्याचा शेवटचा आठवडा व्यापारी घरात सणाचा नसला, तरी सणाइतक्याच धांदलीचा असतो. दुकानाचे शटर निम्मे खाली ओढलेले असते आणि आत मालमोजणी चालू असते. तालुक्याच्या गावातील कोणत्याही कापड दुकानात किंवा जनरल स्टोअर्समध्ये या दिवसांत डोकावले, तर चित्र साधारण सारखेच दिसते. पुढच्या रॅकवरचा माल मोजण्यास वेळ लागत नाही. तो रोज हाताखालून जाणारा असतो. वेळ जातो तो माळ्यावर. शिडी लावून वर चढलेला मुलगा एकेक खोके खाली देतो आणि खाली वही घेऊन बसलेले वडील प्रत्येक खोक्यागणिक अधिकाधिक गप्प होत जातात. तीन दिवाळ्यांपूर्वीचे कुर्ते, एका लग्नसराईपुरत्या चाललेल्या रंगाच्या साड्या, कंपनीच्या योजनेत आलेले आणि कोणीही न मागितलेले प्लॅस्टिकचे डबे. हिशेबशास्त्राचा नियम असा आहे की, शिल्लक माल खरेदीच्या किमतीने किंवा विक्रीतून प्रत्यक्ष हाती येऊ शकेल अशा किमतीने, यांपैकी जी कमी असेल तिने धरावा. वडील मात्र खरेदीचीच किंमत लिहितात. ती खोडण्यास मन होत नाही.

त्याच इमारतीच्या वरच्या मजल्यावर घराचा माळा असतो. तेथे एकदाही न वापरलेले दोन डिनर सेट असतात, सेलमध्ये घेतलेले व्यायामाचे यंत्र असते, चांगला मिक्सर चालू असताना आणलेला दुसरा मिक्सर असतो, कोणाच्या तरी गृहप्रवेशातील भेटवस्तू असतात, आणि समारंभांतून मिळालेल्या प्रभावनेच्या डब्या, वाट्या, तसबिरी व किचेन यांनी भरलेली एक मोठी पिशवी असते. या माळ्याची मोजणी कोणी करीत नाही. केली, तर खालच्या मजल्यावरचा आकडा कदाचित लहान वाटेल.

ही अडगळ एका दिवसात साचलेली नाही. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीपर्यंत मध्यमवर्गीय घराची खरेदी महिन्याच्या यादीवर चालत असे. महिनाअखेरीस गृहिणी कॅलेंडरच्या फाटलेल्या पानामागे किंवा जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर यादी लिहीत असे. तूरडाळ दोन किलो, शेंगदाणे एक किलो, गूळ अर्धा, अंगाचा साबण चार, कपड्यांचा साबण सहा. ही यादी लिहिण्यापूर्वी ती सगळे डबे उघडून पाहत असे. हे डबे उघडून पाहणे हाच त्या व्यवहाराचा गाभा होता. काय शिल्लक आहे हे कळल्यावाचून काय आणावयाचे हे ठरत नसे. यादी दुकानात जाई, दुकानदार ती पुड्यांत बांधी, खात्यावर नावे टाकी आणि पगार झाला की रक्कम जमा होई. कापडाचेही तसेच होते. दिवाळीला एकदा, शाळा उघडताना एकदा आणि घरात लग्न असेल तर बस्ता. बस्त्यासाठी दोन्हीकडची माणसे दिवसभर दुकानात गादीवर बसून असत. चहा, सरबत, रुसवेफुगवे सगळे तेथेच होई, पण एकदा बांधला की बस्ता संपला.

त्या काळाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. निवड थोडी होती, भाव विचारण्याची सोय कमी होती आणि वजनाच्या तागडीवर प्रत्येक वेळी विश्वास ठेवावा अशी स्थितीही नव्हती. खात्यावर माल नेणाऱ्या गिऱ्हाइकाला दुसऱ्या दुकानी जाण्याची चोरी असे. पुढे ही अडचण दूर होत गेली. मॉल आले. २००२ मध्ये पवईत पहिले डी-मार्ट सुरू झाले आणि भपका नसलेले, पण रोज स्वस्त मिळणारे दुकान लोकांना हवेच होते, हे सिद्ध झाले. नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीनंतर फोनवरून पैसे देणे अंगवळणी पडले. करोनाच्या टाळेबंदीने घरबसल्या मागविण्याची सवय ज्येष्ठांनाही लावली. आता तर मोठ्या शहरांत कोथिंबिरीची एक जुडी दहा-पंधरा मिनिटांत दारात येते. सोय मोठी आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. घरी एकटे राहणाऱ्या वृद्धाला किंवा तान्ह्या मुलाच्या आईला या सेवेचे मोल विचारावे.

तथापि या प्रवासात यादी मात्र हरवली. डबा उघडून पाहण्याऐवजी फोन उघडून पाहणे सुरू झाले आणि फोनमध्ये घरात काय आहे हे दिसत नाही, दुकानात काय आहे हे दिसते. दूध मागविताना ठरावीक रकमेच्या आत पोचविण्याचा आकार लागतो म्हणून बिस्किटे, ती घेतली म्हणून सवलतीत चॉकलेट, अशी टोपली भरत जाते. ‘फक्त दोन नग शिल्लक’ किंवा ‘सवलत संपण्यास सात मिनिटे’ अशी घाई लावणारी वाक्ये पडद्यावर चमकतात. ग्राहक न मागता एखादी वस्तू किंवा देणगी त्याच्या टोपलीत सरकविली जाते. नकार देण्याच्या बटनावर ग्राहकाला शरम वाटावी अशी भाषा लिहिली जाते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी मार्गदर्शक तत्त्वे काढून अशा १३ क्लृप्त्यांना अनुचित ठरविले. खोटी घाई, टोपलीत गुपचूप भर, शेवटच्या पायरीवर वाढणारी किंमत, सहज घेता येणारे पण सोडता न येणारे सभासदत्व, या सर्वांचा त्या यादीत समावेश आहे. सरकारला एवढी नेमकी यादी करावी लागली, यावरून ग्राहकाची यादी कोणी पळविली हे ध्यानात यावे.

पैसा देण्याची वेदनाही बोथट झाली. शंभराची नोट हातातून सुटताना जे जाणवत असे, ते अंगठ्याच्या ठशाने जाणवत नाही. त्यापुढची पायरी म्हणजे हप्ता. ‘शून्य टक्के व्याज’ या पाटीविषयी रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना स्पष्ट बजावले होते की, अशी कल्पना मुळात अस्तित्वातच नाही. व्याज कुठे तरी दडलेले असते. कधी प्रक्रिया शुल्कात, कधी रोखीच्या ग्राहकाला मिळणारी सवलत नाकारण्यात. क्रेडिट कार्डाची पूर्ण रक्कम मुदतीत भरली तर ते उत्तम साधन आहे. केवळ किमान रक्कम भरत राहिले, तर व्याज दरमहा साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षाला ४० टक्क्यांच्या वर जाते आणि नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही संपते. अनेक सुशिक्षित घरांत हा दुसरा मुद्दा ठाऊक नसतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने विनातारण ग्राहक कर्जांवरील जोखीमभार १०० वरून १२५ टक्के केला. त्या वर्षीच्या आकडेवारीत देशातील कुटुंबांची निव्वळ आर्थिक बचत राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे ५ टक्क्यांपर्यंत उतरल्याचे दिसून आले होते. यातील काही पैसा घरांच्या कर्जांत गेला हे खरे; सगळाच उधळला गेला असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण व्यापारी घराने तरी हा आकडा कानाआड करू नये.

येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो. खरेदीला आवर घालावा, हे सांगणे नोकरदाराला सोपे. ज्याचे घर विक्रीवर चालते त्याने ते कोणत्या तोंडाने सांगावे? श्रावकाच्या बारा व्रतांत परिग्रहपरिमाण आहे, भोगोपभोगपरिमाण आहे, निष्कारण होणाऱ्या दोषांपासून दूर राहण्यासाठी अनर्थदंडविरमण आहे. चातुर्मासात कितीतरी घरांत वस्त्रांची, पदार्थांची मर्यादा श्रद्धेने घेतली जाते. सकाळी ती मर्यादा घेऊन दुकानी आलेला गृहस्थ दहा वाजता ‘एकावर एक मोफत’ची पाटी बाहेर टांगतो. यात ढोंग आहे असे म्हणता येणार नाही; स्पर्धा आहे, नोकरांचे पगार आहेत, बँकेचा हप्ता आहे. पण आपल्यापुरती मर्यादा आणि गिऱ्हाइकापुरती अमर्याद, हा भेद त्यालाही कुठे तरी सलत असणारच. व्यापाराविषयी आचार्यांनी जे दोष सांगितले, त्यांत खोटी मापे, भेसळ व चोरीच्या मालाची खरेदी यांचा स्पष्ट उल्लेख आहे. ज्याची गरज नाही ते गळ्यात मारणे हा शब्द तेथे नाही. त्याचा निवाडा प्रत्येकाने आपापल्या गादीवर बसून करावयाचा आहे.

सुदैवाने हा प्रश्न केवळ नीतीचा नाही, हिशेबाचाही आहे आणि हिशेब या बाबतीत नीतीच्या बाजूने उभा राहतो. समजा, एका दुकानात सरासरी १२ लाखांचा माल आहे आणि वर्षाला खरेदी किमतीने ४८ लाखांचा माल विकला जातो. मालाची उलाढाल चार वेळा झाली. पण या १२ लाखांतील ३ लाख माळ्यावर पडून असतील, तर प्रत्यक्षात ९ लाखांचाच माल फिरतो आहे, तो वर्षाला पाच वेळांहून अधिक. माळ्यावरच्या ३ लाखांवर १० टक्क्यांनी वर्षाचे ३० हजार रुपये व्याज भरले जाते. तेच ३ लाख मोकळे होऊन चालत्या मालात त्याच गतीने फिरले आणि खरेदीवर १२ टक्के नफा धरला, तर वर्षाकाठी सुमारे १ लाख ९२ हजार रुपये मिळतात. गावात तेवढी मागणी नसेल, तर निदान कर्ज उतरून व्याज तरी वाचते. कॅश क्रेडिटच्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये हा पडीक माल वर्षानुवर्षे तसाच लिहिला जातो आणि त्यावर पैसे उचलले जातात. दुकान आतून पोकळ होण्याची सुरुवात बहुधा या रकान्यापासून होते. योजनेच्या मोहाने घेतलेला माल आणि सेलच्या मोहाने घेतलेला मिक्सर यांची जात एकच.

ग्राहकाचे मन दुसऱ्या बाजूनेही पालटू लागले आहे. याची सुरुवात काहीशी कायद्याच्या धाकाने झाली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि तुंबलेल्या गटारांतून निघालेल्या पिशव्यांनी मुंबईला जे शिकवायचे ते शिकविले. २०१८ मध्ये महाराष्ट्राने प्लॅस्टिक पिशव्यांवर व्यापक बंदी घातली. २३ जूनपासून दंड सुरू झाला, पहिल्या गुन्ह्याला ५ हजार, दुसऱ्याला १० हजार आणि तिसऱ्याला २५ हजार व तीन महिन्यांची कैद. व्यापारी हवालदिल झाले होते. गिऱ्हाईक हात हलवीत येते, पिशवी मागते, नाही म्हटले तर पुढच्या दुकानात जाते, ही त्यांची तक्रार खोटी नव्हती. पुढे १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून फेकावयाच्या अनेक प्लॅस्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून पिशवीची किमान जाडी १२० मायक्रॉन झाली. बंदी ढिली पडते, पुन्हा आवळते, हे सर्वांच्या अनुभवाचे आहे. तरीही स्कूटरच्या हुकाला लटकलेली कापडी पिशवी परत दिसू लागली. मात्र कापडासारखी दिसणारी प्रत्येक पिशवी कापडी नसते. बाजारात मिळणाऱ्या अनेक रंगीत ‘नॉन वोव्हन’ पिशव्या पॉलिप्रॉपिलीनच्या, म्हणजे प्लॅस्टिकच्याच असतात. आणि खरी कापडी पिशवीसुद्धा पुन्हा पुन्हा वापरली तरच उपयोगाची. समारंभात छापील नावाच्या पाचशे पिशव्या वाटून त्या घराघरांच्या माळ्यावर गेल्या, तर कापूसही गेला आणि पाणीही.

सुट्या मालाकडेही लोक वळत आहेत. डबा घेऊन येणारी, ‘काका, यातच घाला, पुडी नको,’ म्हणणारी तरुण सून किराणा दुकानात आता नवलाची राहिलेली नाही. करानेही येथे थोडा हात दिला. १८ जुलै २०२२ पासून पंचवीस किलोपर्यंतच्या वेष्टनबंद, छापील लेबलच्या धान्य, डाळी व पिठांवर ५ टक्के जीएसटी लागू झाला. सुट्या विक्रीवर तो नाही. पण सुटे ते सर्व चांगले, अशी समजूत करून घेऊ नये. १९९८ मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याच्या बियांच्या तेलाची भेसळ होऊन जलशोथाची साथ आली, अनेकांचे प्राण गेले आणि त्यानंतर खाद्यतेल सीलबंद विकण्याचा नियम कडक झाला. वेष्टनाने माणसे वाचविलीही आहेत. घातक ठरली ती एका रुपयाची पुडी. तमिळनाडूत शाम्पूच्या रूपाने रुजलेल्या या कल्पनेने गरिबाला चांगली वस्तू परवडू लागली हे तिचे श्रेय; पण अनेक थरांचे तिचे वेष्टन भंगारवालाही उचलत नाही.

लेबल वाचण्याच्या बाबतीत तर आपल्या समाजाने देशाला काही शिकविले आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. पाकिटावर शाकाहाराचा हिरवा व मांसाहाराचा तपकिरी ठिपका २००१ मध्ये सक्तीचा झाला, त्यामागे विचारणा करणाऱ्या ग्राहकांची अनेक वर्षांची चिकाटी होती. हिरवा ठिपका पाहून थांबू नये, हेही आता गृहिणी जाणतात. घटकांच्या यादीतील १२० हा क्रमांक कीटकांपासून मिळणाऱ्या लाल रंगाचा आहे, ९०४ हा लाखेचा आणि ४७१ हा वनस्पतिजन्य किंवा प्राणिजन्य, कोणत्याही मूळचा असू शकतो. रेशमाच्या बाबतीतही असेच प्रश्न विचारले गेले, म्हणून तर पतंग कोषातून बाहेर पडल्यानंतर सूत काढण्याची पद्धत हैदराबादच्या कुसुम राजय्या यांनी विकसित केली आणि ‘अहिंसा सिल्क’ बाजारात आले. ते महाग असते; स्वस्तात मिळाले, तर दुकानदाराला दोन प्रश्न अधिक विचारावेत. ‘हरित’, ‘नैसर्गिक’, ‘पर्यावरणस्नेही’ अशा पोकळ दाव्यांना आवर घालण्यासाठी १५ ऑक्टोबर २०२४ रोजी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे निघाली आहेत. दावा करणाऱ्याने पुरावा दाखवावा, असे त्यांचे सार आहे. हे व्यापाऱ्यालाही लागू आहे, याचा विसर पडू नये.

विचारपूर्वक वापर ही परदेशातून आलेली टूम आहे असे मानणाऱ्यांनी बोहारीण आठवावी. जुन्या साड्या, पँटी घेऊन बदल्यात स्टीलचे पातेले देणारी आणि एका पातेल्यासाठी आणखी एक साडी मागत अर्धा तास दारात बसणारी. जुने कपडे तिच्याकडून बाजारात जात, दुरुस्त होऊन पुन्हा अंगावर चढत. जे तिलाही नको असे, त्याची गोधडी होई. कल्हईवाला, रद्दीवाला, छत्री दुरुस्त करणारा ही सगळी साखळी आपल्या गल्लीत होती. यादीची परंपराही पूर्ण लोपली नाही. १९७५ मध्ये सुरू झालेली मुंबई ग्राहक पंचायत आजही तिच्यावर चालते. सभासद कुटुंबे महिन्याची मागणी आधी नोंदवितात, माल एकगठ्ठा खरेदी होतो, गटातील एका घरी उतरतो आणि सगळे मिळून तो वाटून घेतात. किती हवे हे आधीच ठाऊक असल्याने माळ्यावर पडून राहण्यास काही उरत नाही.

कित्येक दुकानदारांनी यातून आपापली वाट काढली आहे. पंचवीस तारखेपर्यंत यादी पाठविणाऱ्या घराला थोडी सवलत आणि एका फेरीत घरपोच माल, ही रीत किराणा दुकानाला दहा मिनिटांच्या शर्यतीतून सोडविते; दुकानदाराला घाऊक खरेदी नेमकी करता येते आणि पोऱ्याच्या पाच चकरा वाचतात. कापड दुकानात शिंप्याचे यंत्र परत आले आहे. जुनी पैठणी किंवा आजीचा शालू नव्या मापाचा करून देण्याची मजुरी रोख मिळते आणि त्यात माल अडकत नाही. शेरवानी, घागरे भाड्याने देणारी दुकाने शहरांत उत्तम चालतात. एक दिवस अंगावर राहणाऱ्या वस्त्रासाठी ५० हजार मोजणे नव्या पिढीलाच पटेनासे झाले आहे. मिक्सर, पंखे विकणारा दुकानदार दुरुस्तीचे टेबल मांडू लागला, तर एकदा आलेले गिऱ्हाईक दहा वर्षे टिकते. सरकारनेही डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले आहे. २ जुलै २०२१ पासून किरकोळ व घाऊक व्यापाराची नोंद ‘उद्यम’मध्ये होऊ शकते आणि अग्रक्रम क्षेत्राच्या कर्जाचा लाभ मिळू शकतो. अशा बदलासाठी लागणारे थोडे भांडवल त्यातून उभे करता येईल. अनेक दुकानदारांनी ही नोंद अद्याप केलेली नाही, याचे आश्चर्य वाटते.

समाजाच्या समारंभांतही थोडा पालट दिसतो. तपस्येच्या पारण्याला किंवा पूजेनंतर प्रभावना देण्यामागचा भाव निर्मळ असतो. प्रश्न वस्तूचा आहे. काही ठिकाणी प्लॅस्टिकच्या डबीऐवजी सुका मेवा, खडीसाखर किंवा ग्रंथ देतात, काही ठिकाणी ती रक्कम जीवदयेत देतात. ताटात काही न टाकणारा, ताट धुऊन ते पाणी पिणारा श्रावक ज्या घरात अजून आहे, त्या घराला हे समजावून सांगावे लागू नये.

पुन्हा मार्चच्या त्या मोजणीकडे वळू. दुसऱ्या दिवशी वडिलांनी वही उघडली, माळ्यावरच्या मालापुढची किंमत खोडली आणि तेथे विक्रीतून येईल तेवढीच लिहिली. वर्षाच्या नफ्यातून बरेच वजा झाले. कुर्ते मूळ किमतीच्या निम्म्याने दाराशी मांडले गेले, साड्यांच्या गोधड्यांसाठी बचत गटाच्या बायका बोलावल्या गेल्या. वरच्या मजल्यावरून सासूबाईंनी दोन्ही डिनर सेट खाली पाठविले. एक भाचीच्या नव्या घरी गेला, दुसरा पाठशाळेच्या स्वयंपाकघरात. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात नेहमीप्रमाणे सुरतेचा एजंट आला. चहा झाला. शंभर नगांवर वीस नग मोफत, अशी नवी योजना त्याने सांगितली. वडिलांनी सवयीने मुलाकडे पाहिले.

मुलाने विचारले, ‘‘न खपलेले परत घ्याल का?’’

एजंट हसला. ‘‘शेठ, योजनेचा माल परत कसा होईल?’’

‘‘मग चाळीसच नग लिहा. योजनेशिवाय.’’